सिस्टरचा चार्ज कोण घेणार?

मित्रहो, आणि ड्यूटी संपवून थेट इथे आलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींनो,

कॉटन ग्रीनमध्ये परिचारिकांवर व्याख्यान कशासाठी, असे एका गृहस्थांनी आम्हाला दारातच विचारले. इथे कापसाचा इतिहास सांगायला हवा, असे त्यांचे म्हणणे. त्यांचेही बरोबर आहे. 'ग्रीन' म्हणजे मैदान. कापसाच्या गाठी पूर्वी कोटातल्या मैदानात रचलेल्या असत. पुढे तो बाजार कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात शिवडीकडच्या या भरावावर आला. नाव मात्र बाजाराबरोबर प्रवास करत इथवर पोहोचले. पण त्याच दशकात इथून जवळच, परळला, आणखी एक वस्ती उभी राहत होती. १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय, त्याच साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९ साली मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय, १९४१ साली टाटा मेमोरियल. शिवडीला क्षयरोग्यांचे रुग्णालय. गिरण्यांचे भोंगे थांबले, गाठी गेल्या. रुग्णालयांच्या तीन पाळ्या मात्र थांबलेल्या नाहीत. पहाटेच्या हार्बर गाडीत बघा, खिडकीला डोके टेकून झोपलेल्या बायकांमध्ये एखादी तरी सिस्टर असतेच. ती कामावर चालली आहे की कामावरून परतते आहे, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही.

आजचा प्रश्न तिचा आहे. रोग्याची काळजी सिस्टर घेते. पण सिस्टरलाच आजार असेल, आणि तो मनाचा असेल, डिप्रेशन असेल, बायपोलर असेल, सतत छातीत धडधडणारी चिंता असेल, तर काय? २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आकडा बोलका आहे. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यांतल्या बहुतेकांवर उपचार होत नव्हते. परिचारिका काही समाजाच्या बाहेरून येत नाहीत. तेव्हा हा प्रश्न दुर्मीळ नाही. तो फक्त बोलला जात नाही.

वॉर्डात एक शब्द आहे, 'चार्ज'. पाळी संपली म्हणून सिस्टर पर्स उचलून निघत नाही. पुढच्या सिस्टरला ती खाटेखाटेचा चार्ज देते: कोणाला कोणते औषध गेले, कोणाचे सलाइन किती उरले, रात्री कोणावर लक्ष ठेवायचे. आमचे आजचे म्हणणे या एका शब्दात मावते. परिचर्येच्या इतिहासाने प्रत्येक रोग्याचा चार्ज द्यायला शिकवले, पण सिस्टरने स्वतःचा चार्ज कोणाला द्यायचा, हे शिकवले नाही. ते का राहून गेले, हे आता पाहू.

सुरुवात जरा लांबून करू; आम्हा तत्त्वज्ञानाच्या मास्तरांची ती खोड आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. म्हणजे परिचारकाला वैद्याच्याच पंक्तीला बसवले आहे. त्याचे गुणही चार: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि शुचिता. यादी सुंदर आहे. पण परिचारक थकला तर काय, याला त्या यादीत जागा नाही.

गंमत अशी की त्याच सूत्रस्थानात दुसरी एक यादी आहे, ती आमच्या मते प्रत्येक वॉर्डात लावायला हवी. शरीराचे तेरा वेग कधी अडवू नयेत, असे चरक सांगतो. त्यात मलमूत्र आहे, शिंक, ढेकर, जांभई आहे. आणि भूक, तहान, झोप आणि अश्रूही आहेत. आता इथल्या सिस्टरनी मनातल्या मनात मोजावे, एका पाळीत यांतले किती वेग तुम्ही अडवता? लघवीला जायला वेळ नाही. डबा चार वाजता उघडतो. पाणी कमी प्यायचे, कारण प्यायले की जावे लागते. झोप तर रात्रपाळीत अडवायचीच. आणि एखादे मूल डोळ्यांदेखत गेले, तरी पुढच्या खाटेला इंजेक्शन द्यायचे असते, म्हणून आसवेही अडवायची. चरक शोकाला आवर घाला म्हणतो, हेही खरे. पण अश्रू अडवा असे तो म्हणत नाही. हा फरक फार शहाणपणाचा आहे, आणि आपण तो विसरलो.

विसरलो ते कसे? त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला यावे लागेल. मुंबईत परिचर्येच्या शिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव घेतले जाते. साल १८९१. पाचच वर्षांनी, १८९६ साली, मांडवीत प्लेग उमटला आणि तो पुण्याला पोहोचला. सावित्रीबाई फुल्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोगी आणत. एका मुलाला पाठीवर घालून त्यांनी आणले, त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तिथून विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, म्हणून लोक नावे ठेवत. त्या बोलण्याला उत्तर म्हणून या कामाला एक उंच शब्द मिळाला: सेवा.

या शब्दाने त्या स्त्रियांना प्रतिष्ठा दिली, हे आम्ही नाकारत नाही. पण प्रतिष्ठेची किंमतही होती. नोकरी करणारा माणूस रजा मागू शकतो. सेवाव्रती कशी मागणार? सावित्रीबाईंच्या मरणातून आपण काय घ्यायचे होते? ज्यांना कोणी हात लावत नव्हते, त्यांना त्यांनी पाठीवर घेतले, हे. आपण घेतले ते असे की सेवा खरी असेल तर सेवा करणारी झिजली पाहिजे. झिजणे हाच पुरावा ठरला. मग जिला झिजायचे नव्हते, जिला फक्त काम नीट करून घरी जाऊन झोपायचे होते, ती कमी प्रतीची ठरली.

आता हातात दिवा घेतलेली बाई. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे ते चित्र प्रत्येक नर्सिंग शाळेत असते, आणि १२ मे हा तिचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. पण क्रिमियाचे युद्ध १८५६ साली संपले तेव्हा ती अवघी पस्तीस वर्षांची होती, आणि गेली ती १९१० साली, नव्वदाव्या वर्षी. मधली चोपन्न वर्षे कुठे गेली? १८५७ साली ती कोसळली आणि पुढची कित्येक वर्षे तिचा बराच काळ अंथरुणात, बंद खोलीत गेला. तिला ब्रुसेलोसिस हा दीर्घ ताप असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्या लिखाणातली खोल निराशा पाहून काहीजण मनाच्या आजाराकडेही बोट दाखवतात. निदानाचा वाद त्यांच्यावर सोडू. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते तिने केलेल्या आखणीचे. ती भेटायला येणाऱ्यांना एकेकट्यानेच आत घेई. शक्ती किती आहे ते पाहून काम वाटून घेई. याच काळात, १८५९ साली, तिचे परिचर्येवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्यावरचा १८६३चा मोठा अहवाल, त्यातली आकडेवारी, हे काम तिने या देशात एकदाही पाऊल न ठेवता केले.

त्या पुस्तकात किरकोळ व्यवस्थापनावर एक अख्खे प्रकरण आहे. त्याचा आशय असा, की तुम्ही हजर असताना जे करता, ते तुम्ही हजर नसतानाही होत राहील अशी व्यवस्था लावा. म्हणजे चार्ज! दिव्याच्या चित्रापेक्षा हे प्रकरण भिंतीवर लावण्याजोगे आहे. अर्थात तिच्याकडे घरची श्रीमंती होती, नोकरचाकर होते. आपल्या सिस्टरकडे पनवेलची गाडी असते. पण तत्त्व तेच. परिचर्येचा पाया घालणारी बाई स्वतः दीर्घकाळ आजारी होती, आणि आजारासकट तिने अफाट काम केले. आपण तिच्या आयुष्यातली दोन वर्षे शिकवतो आणि चोपन्न वर्षे झाकून ठेवतो.

झाकण्याची सवय आपल्याकडे कायद्यानेही घालून दिली. १९१२च्या कायद्याचे नावच 'ल्युनसी ॲक्ट'. माणसाला डांबायचे कसे, याचा तो मुख्यतः कायदा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१चे; तेव्हापासून मुंबईच्या बोलीत 'ठाण्याला पाठवा' हा शेरा होऊन बसला. १९३८ साली डॉ. के. के. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा विभाग सुरू केला. साध्या रुग्णालयात, इतर रोग्यांच्या रांगेतच मनाचा रोगीही उभा राहू लागला. ही मोठी गोष्ट होती. पण १९१२चा कायदा त्यानंतरही पन्नासहून अधिक वर्षे चालू राहिला; त्याच्या जागी आलेला १९८७चा कायदा प्रत्यक्ष अमलात यायला १९९३ साल उजाडले.

त्या दिवसांतली आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमची एक मावशी परिचारिका होती. काळाचौकीला चाळीत राहायची. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिला आज ज्याला बायपोलर म्हणतात तो आजार होता. रात्रपाळीचा आठवडा लागला की झोप मोडायची, झोप मोडली की पाच-सहा दिवसांत ती भराभरा बोलू लागायची, खर्च करू लागायची. आणि मग महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रजेच्या अर्जावर ती 'पाठदुखी' लिहायची. वीस वर्षे पाठदुखी! डॉक्टर गाठला तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ओळखीचे कोणी भेटायला नको.

औषध लिथियम. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने या आजारावर ते वापरले आणि असंख्य आयुष्ये सावरली. पण लिथियम हिशेबाने घ्यावे लागते. रक्तातले प्रमाण तपासत राहावे लागते, आणि अंगातले पाणी कमी झाले की ते प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. एका मे महिन्यात, वॉर्ड भरलेला, मावशी दिवसभर पाण्याशिवाय. हात थरथरू लागले, इंजेक्शन भरता येईना. तिला निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. तहान अडवू नये, हे चरकाचे वाक्य आम्ही वर्गात शिकवत होतो. त्याचा अर्थ आम्हाला त्या मेमोने शिकवला.

आणि आम्ही काय केले? आम्ही तेव्हा नुकतेच कॉलेजात शिकवायला लागलो होतो. मावशीला बरे वाटावे म्हणून तिच्या खाटेशी बसून स्थितप्रज्ञाची लक्षणे समजावून सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाळा, त्या स्थितप्रज्ञालासुद्धा रात्रीची झोप लागत असेल ना रे?" पन्नास वर्षे झाली, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही.

मावशीला वाचवले ते तिच्याच वॉर्डातल्या एका मैत्रिणीने. थरथर कशाची आहे, हे तिने ओळखले. तिला मावशीने सगळे सांगितले, तिला एकटीलाच. त्यानंतर मावशीच्या रात्री जमेल तेव्हा ती स्वतःकडे घेई आणि बदल्यात मावशी तिचे रविवार करी. मावशी फार बोलायला लागली, की ती फक्त विचारायची, "काल किती झोपलीस?" मावशी पूर्ण नोकरी करून, फंड-पेन्शन घेऊन निवृत्त झाली. तिचा चार्ज कोणीतरी घेतला होता, म्हणून.

परळला याच शब्दाचा एक फार मोठा इतिहास घडला आहे. तो तुम्हाला ठाऊक आहे, तरी आज वेगळ्या अंगाने पाहू. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के. ई. एम.मधील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला, सुरक्षितता मागितली. अरुणाताई पुन्हा कधीच उठल्या नाहीत. वॉर्ड क्रमांक चारलगतच्या खोलीत त्यांना सहकारी परिचारिकांनी भरवले, अंघोळ घातली, कूस बदलली. १ जूनला त्यांचा वाढदिवस होई. ज्यांनी त्यांना चालता-बोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या. ज्यांचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता, त्यांनी चार्ज घेतला. इतकी वर्षे खिळलेल्या देहाला शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयासमोरही घेतली गेली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली, आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाची वाट घालून दिली. याचिका करणाऱ्या पिंकी विराणी यांचा हेतूही करुणेचाच होता. त्या वादात आज शिरत नाही. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या. सुमारे बेचाळीस वर्षे.

यातून आम्ही काय घेतो? इतकी वर्षे हे काम एका कोणाच्या त्यागावर चालले नाही. एकटी कोणी असती तर दोन वर्षांत मोडली असती. ते चालले ड्यूटीवर, पाळीवर, एकीने दुसरीला सांगण्यावर. आपली सहकारी आजारी झाली म्हणून ती आपल्यातून वजा होत नाही, हे या परिचारिकांनी जगाला दाखवले. आणि इथेच आमची एक तक्रार आहे, कोणा एका रुग्णालयाविरुद्ध नाही, तुम्हा-आम्हा सगळ्यांविरुद्ध. जी सिस्टर अंथरुणात आहे, तिची सेवा आपल्याला कळते. जी गोळी घेऊन, युनिफॉर्म चढवून, उभी आहे, तिचा आजार आपल्याला दिसत नाही. दिसला तर आपण विचारतो, "हिच्या हातात औषधांची किल्ली द्यायची का?"

आता कायदा बदलला आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. त्यातले विसावे कलम सांगते, की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढायचे नाही, खालच्या पदावर आणायचे नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा उपचाराचा हक्क देतो आणि आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचाही हक्क देतो. शिवाय त्यात एक तरतूद आहे, 'आगाऊ निर्देश'. आपण बरे असताना लिहून ठेवायचे, की आजार वाढला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. हा कायद्याच्या भाषेतला लेखी चार्जच नव्हे का?

तेव्हा सिस्टर मंडळींनो, स्वतःची काळजी म्हणजे काय, हे आम्ही इतिहासातून जे समजलो ते इतकेच. झोप हे औषध समजा. तुमच्या आजाराला रात्रपाळी सोसत नसेल तर डॉक्टरांकडून तसे लिहून घ्या आणि मागा; ती भीक नाही. पाण्याची बाटली ट्रॉलीजवळ ठेवा. कपाट जवळ आहे म्हणून स्वतःची गोळी स्वतः ठरवू नका. दुसऱ्याला तसे करताना पाहिले असते तर तुम्हीच ओरडला असता. आपल्याला बिघाड सुरू झाल्याची पहिली खूण कोणती, हे एका तरी माणसाला सांगून ठेवा. आणि जगणेच नको वाटू लागले, तर त्या विचाराबरोबर एकट्याने रात्र काढू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येते. नाहीतर शेजारच्या वॉर्डातल्या मैत्रिणीला हाक मारा. आणि अधिसेविका, परिसेविका कोणी आल्या असतील, तर त्यांना आमची विनंती: ड्यूटीचा तक्ता लावताना अर्जावरची पाठदुखी एकदा नीट वाचा.

शेवटी एक जुनी गोष्ट. पाली वाङ्मयात, संयुत्त निकायात, बुद्धाने सांगितलेली. बांबूवर कसरत करणारा एक डोंबारी होता आणि त्याची एक शिष्य. गुरू खांद्यावर बांबू तोलणार, शिष्याने वर चढायचे. गुरू म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ होईल आणि आपण सुखरूप खाली उतरू. शिष्य म्हणाली, तसे नको. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळते, मगच आपण दोघे उतरू. बुद्धाने शिष्याचे म्हणणे उचलून धरले. पण तो तिथे थांबला नाही. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला, असे दोन्ही त्याने जोडून दिले. आम्ही मावशीला स्थितप्रज्ञाऐवजी ही गोष्ट सांगितली असती तर बरे झाले असते. पण ती तिला आधीच ठाऊक होती, असे आता वाटते. तिच्या मैत्रिणीलाही.

इथे थांबतो. प्रश्न विचारायचे असतील तर जरूर विचारा. सिस्टर मंडळींना आधी वेळ देऊ, कारण त्यांतल्या दोघींना आज नाइट आहे, आणि त्याआधी त्यांना थोडे जेवून घ्यायचे आहे.